मंत्राचा गुण की सापाचा?

गेल्या पावसाळ्यात भाताच्या खाचरात आमच्या काकांना साप चावला. मांत्रिकाने मंत्र घातला. काका बरे झाले. सगळे म्हणाले, "बघा मंत्राचा गुण!" मीपण तेच म्हणत होतो.

गुरुजींनी विचारले, "साप कोणता होता?" काका म्हणाले, "दिवड." दिवड बिनविषारी असते! मग काका मंत्राशिवायही बरे झालेच असते. कावळा बसला नि फांदी मोडली, म्हणून ती कावळ्याने मोडली असे होत नाही.

पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे ४ साप विषारी. तेव्हा मंत्रावर भरवसा ठेवला तर माणूस हातचा जाईल. म्हणून माझे मत, साप कोणताही असो, आधी सरकारी दवाखाना गाठा. विषावरचे इंजेक्शन तिथे मिळते.

आईबाबांनो, पटते का?

– इयत्ता ४ थी