सांथोमच्या दारातून आपलं घर

चेन्नईला गेलो होतो. समुद्राला लागून सांथोमचं कॅथेड्रल उभं आहे. पांढरंशुभ्र, गॉथिक घाटाचं, टोकदार कमानी, आभाळात घुसलेला मनोरा. जुनं पोर्तुगीज चर्च पाडून 1896 साली इंग्रजी अमलात बांधलेलं. आत सेंट थॉमसची कबर. गुमान बाकावर टेकलो. कुणी जात विचारली नाही. खोटं कशाला बोलू, जीव हरखला.

पण थांब गड्या. याच तमिळ मुलखात तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या मढ्यांना वेगळं काढायला भिंत घातली होती. मढ्यांना! बाप्तिस्म्यानं नाव बदललं, जात चिकटलेलीच. कॅथलिक बिशपांनी 2016 साली ते आपल्या तोंडानं कबूल केलं. पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडलं.

चर्चला शिव्या घालणं सोपं. दिल्लीचं काय? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून इतर धर्मांतले दलित अनुसूचित जातींतून बाहेर ठेवले. 1956 ला शिखांसाठी दार उघडलं. त्याच साली रोमनं सांथोमला बॅसिलिका केलं, अन् नागपुरात आपण धम्म घेतला. केंद्राच्या सवलती मिळायला आपल्याला 1990 उजाडलं. 34 वर्षं! दलित ख्रिस्ती, दलित मुसलमान अजून बाहेरच.

आणि आपल्यातलेच काही शहाणे पुटपुटतात, वाटेकरी कशाला वाढवायचे?

मग 1990 च्या आधी आपले बाप मोर्चे काढत होते, तेव्हा ते कुणाच्या ताटातली भाकर मागत होते, सांगा की.