कणादांच्या माथी मारलेला न्यूटन

जत्रा-उत्सवांच्या निमित्ताने देवळांच्या सभामंडपांत कीर्तन-प्रवचनांच्या जोडीला व्याख्यानेही व्हावीत, ही आमच्या समाजाची चांगली चाल आहे. परंतु अलीकडे या व्याख्यानांतून एक विधान इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे ऐकू येऊ लागले आहे की, त्याविषयी मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. न्यूटनच्या नावाने शिकविले जाणारे गतीचे तीन नियम मुळात महर्षी कणादांचे. इंग्रजाने ते उचलले आणि आपल्या नावावर खपविले, हे ते विधान होय. आधारादाखल तीन संस्कृत वाक्ये म्हटली जातात. भ्रमणध्वनीवरून तीच घरोघर पोहोचतात, आणि नववीतले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात तीच म्हणून दाखविते. सभेत टाळ्या पडतात, वर्गात कौतुक होते.

हे विधान खोटे आहे, एवढेच आमचे म्हणणे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. उत्सवाच्या दिवसांत थोडी अतिशयोक्ती चालावयाचीच. परंतु बल, वस्तुमान आणि त्वरण या गोष्टी समजण्याच्या वाटेवर प्रत्येक मुलाच्या मनात आधीच एक धोंड पडलेली असते. ती हलविणे हेच शिक्षकाचे काम. आमचे व्याख्याते मात्र त्या धोंडीलाच शेंदूर फासून तिचा देव करीत आहेत.

प्रथम त्या तीन वाक्यांविषयी. ती कणादांच्या सूत्रांतील नव्हेतच. वैशेषिकांचे थोर भाष्यकार प्रशस्तपाद यांनी ‘वेग’ नावाच्या गुणाचे जे सलग वर्णन केले आहे, त्याचे ते तीन तुकडे होत. प्रशस्तपाद सांगतात ते थोडक्यात असे: पाच मूर्त द्रव्यांच्या ठायी वेग राहतो, विशिष्ट निमित्ताच्या साहाय्याने तो कर्मापासून उत्पन्न होतो, ठरलेल्या दिशेने क्रियेची परंपरा चालू राहण्यास तो कारण होतो, आणि स्पर्शवान द्रव्याशी होणाऱ्या विशेष संयोगाशी त्याचा विरोध असतो, म्हणजे अशा संयोगाने तो नष्ट होतो. यातला ‘विरोध’ पाहून कोणा हुशाराने त्याला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम ठरविले! दोन वस्तू परस्परांवर समान आणि विरुद्ध बल लावतात, या गोष्टीचा तेथे गंधही नाही. आणि ती पाच मूर्त द्रव्ये कोणती? पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन. न्यूटनचे नियम मनालाही लावून दाखविणारा भौतिकीचा अध्यापक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आता खुद्द कणाद काय म्हणतात ते पाहू. कारण त्यांचे म्हणणे खरोखर मननीय आहे आणि या गोंगाटात तेच कोणी वाचीत नाही. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात सुटलेल्या बाणाचा विचार आला आहे. बाणाची पहिली हालचाल धनुष्याच्या रेट्याने होते; या रेट्याला ते ‘नोदन’ म्हणतात. त्या पहिल्या कर्मातून बाणाच्या अंगी एक संस्कार उत्पन्न होतो, आणि पुढची, त्यापुढची, त्याच्याही पुढची हालचाल त्या संस्कारामुळे होते. संस्कार सरला म्हणजे गुरुत्वामुळे बाण पडतो. हात सुटल्यावर बाणाला ढकलतो कोण, हा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता. त्याने ते काम भोवतीच्या हवेकडे सोपविले. कणादांनी हवेला मध्ये न आणता बाणाच्या अंगीच कारण शोधले. हे बुद्धीचे मोठे पाऊल होय. पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने जवळजवळ हाच विचार मांडला. तेव्हा कणादांचे सोबती शोधावयाचेच असतील तर ते हे होत, न्यूटन नव्हे.

कारण न्यूटनचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे. चालत असलेल्या वस्तूला चालत राहण्यासाठी कारणच लागत नाही, असे तो नियम सांगतो. तिच्या अंगी ना संस्कार हवा, ना वेग नावाचा गुण साठवावयास हवा. कारण लागते ते गती बदलण्यासाठी: वाढण्यास, घटण्यास किंवा दिशा वळण्यास. ‘वस्तू का चालते?’ हा प्रश्नच सोडून ‘तिची गती का बदलते?’ हा प्रश्न विचारणे, यातच सगळी क्रांती आहे. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून मोजमापे केली आणि १६३८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली निघाला. आणि त्वरणाशी बलाचे नाते जोडणारे जे समीकरण आज मुले घोकतात, ते त्या स्वरूपात ऑयलरने १७५० साली मांडले. एवढ्या थोरांना जी गोष्ट हळूहळू उमगली, ती टाळ्यांच्या गजरात मुलाला कशी उमगणार?

आमच्याकडील जत्रांतला महारथच घ्या. रथ ओढावयास शंभर हात लागतात; ओढ थांबली की रथही थांबतो. यावरून मूल ठरविते की, गतीसाठी सतत जोर हवा आणि जोर जितका अधिक तितका वेग अधिक. हीच ती धोंड. आता हिशेबच मांडू. समजा, रथाचे वस्तुमान ४००० किलोग्रॅम आहे. दोरांवरची एकूण ओढ ३००० न्यूटन आहे आणि आसांचे व चाकांचे घर्षण २६०० न्यूटन. (बलाच्या एककालाच न्यूटनचे नाव आहे.) उरले ४०० न्यूटन. त्यांस ४००० ने भागिले असता त्वरण येते ०.१, म्हणजे रथाचा वेग दर सेकंदास, सेकंदाला ०.१ मीटर इतका वाढत जाईल. पाच सेकंदांत तो सेकंदाला अर्धा मीटर होईल. पुढे देवाला ओवाळणाऱ्या सुवासिनींना गाठता येईल इतका संथ. आता ओढणाऱ्यांनी जोर कमी करून नेमका २६०० न्यूटनवर आणला, तर काय होईल? रथ थांबेल, असे मूल म्हणते. मुलाचे वडीलही तसेच म्हणतात. वस्तुतः रथ त्याच वेगाने चालत राहील. ओढ आणि घर्षण यांची फिटंफाट झाली, निव्वळ बल शून्य झाले, म्हणून त्वरण शून्य झाले. वेग शून्य झाला नाही. ओढ पूर्ण सोडली तर रथ थांबतो, तो जोर संपला म्हणून नव्हे, तर घर्षण उरले म्हणून.

दुसरी कसोटी याहून सोपी आहे. नारळ सरळ वर फेकला. हात सुटला, नारळ अजून वर चालला आहे. या घटकेला त्याच्यावर कोणती बले आहेत? बहुतेक मुले वरच्या दिशेने एक बाण काढतात आणि त्यापुढे ‘हाताचा जोर’ असे लिहितात. हवेचा किंचित अटकाव सोडला तर खरे उत्तर एकच: पृथ्वीची ओढ, खाली. जॉन क्लेमंट या संशोधकाने वर फेकलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. १९८२ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत बहुसंख्यांचे उत्तर चुकलेले होते. त्या विद्यार्थ्यांनी कणाद वाचले नव्हते की ब्युरिदाँ. मनुष्याचे मन आपण होऊनच त्या संस्काराच्या कल्पनेकडे जाते. म्हणूनच ती जगात तीन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली असावी, असा आमचा तर्क आहे. अशा मुलाला जेव्हा व्याख्याते सांगतात की, बाणाच्या अंगी राहणारा संस्कार म्हणजेच न्यूटनचे बल, तेव्हा त्याच्या चुकीवर ऋषीची मोहोर उमटते. त्यानंतर ती काढावयाची कोणी आणि कशी? गुरुजींनी नकार दिला तर ते धर्मद्रोही ठरावयाचे!

घोटाळ्यात शब्दांनीही भर घातली आहे. पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांनी शास्त्रग्रंथांतून शब्द घेतले, हे योग्यच केले. पण शब्द आले, अर्थ आले नाहीत. शाळेतला ‘वेग’ म्हणजे दर सेकंदाचे विस्थापन. वैशेषिकांचा वेग म्हणजे अंगी साठलेला संस्कार. गुरुत्वाचेही तसेच. त्यांच्या मते गुरुत्व हा पृथ्वी आणि जल यांच्या ठायी असणारा, पडण्यास कारण होणारा गुण आहे. वस्तुमानाची कल्पना याहून निराळी आहे. गती बदलण्यास वस्तू किती विरोध करते, त्याचे ते माप. तेच बल दुप्पट वस्तुमानावर लावले तर त्वरण निम्मे होते. चंद्रावर नारळाचे वजन एक षष्ठांश भरेल. पण तो जोराने येऊन कपाळावर आदळला तर कपाळाला सवलत मिळणार नाही, कारण वस्तुमान तेच आहे.

या दोन गोष्टी वेगळ्या मानल्यावाचून एक मोठे आश्चर्य दिसतच नाही: जड आणि हलक्या वस्तू सारख्याच त्वरणाने का पडतात? जड वस्तूवर ओढ अधिक, तसा तिचा विरोधही त्याच प्रमाणात अधिक. म्हणून त्वरण समान. हे प्रमाण अचूक आहे की नाही, हे पाहण्यासाठी न्यूटनने सोने, रुपे, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ पदार्थांचे लंबक करून त्यांची आंदोलने ताडून पाहिली. हजारात एका भागाइतकाही फरक त्याला आढळला नाही. १९७१ साली अपोलो १५ मधील डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडले, ते एकदमच पडले. नऊ पदार्थ तोलीत बसणाऱ्या त्या माणसाला चोर म्हणताना आमच्या वक्त्यांची जीभ जराही अडखळत नाही.

परसत्तेखाली पिढ्या काढलेल्या समाजाला स्वत्वाची भूक असते, ती आम्ही जाणतो. ती आमचीही आहे. परंतु ती भागविण्यास खरे अन्न असताना मातीचे लाडू कशाला? ग्रहाच्या दिवसभराच्या सरासरी गतीने भागत नाही, त्या क्षणाची गती काढली पाहिजे, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ओळखले आणि तिला ‘तात्कालिक’ गती म्हटले. क्षणाचा वेग समजल्यावाचून त्वरण समजत नाही. म्हणजे नववीच्या मुलाला शिकविण्याजोगे, त्याच्या धड्याशी खरोखर नाते असलेले आणि पूर्णपणे आपले असे काही हवेच असेल, तर ते येथे आहे. त्यावर सभामंडपात एखादे व्याख्यान झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यासाठी आकडेमोड करावी लागते, हे त्याचे कारण असावे.

कणादांना न्यूटन केल्याने कणादांचा मान वाढतो, असे ज्यांस वाटते, त्यांनी कणादांना परक्याच्याच काट्यावर तोलले आहे, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. सहा पदार्थांची मांडणी करणाऱ्या, दिसणाऱ्या जगाचे नीट वर्गीकरण करू पाहणाऱ्या दर्शनकाराला १६८७ च्या लॅटिन ग्रंथाच्या प्रशस्तिपत्राची गरज का पडावी?

देवस्थानांच्या व्यवस्थापकांना आमची एकच सूचना आहे. यापुढे असे व्याख्यान ठेवाल तेव्हा मंडपात एक फळा ठेवा आणि पुढच्या रांगेत गावातल्या शाळेचे विज्ञानशिक्षक बसवा. व्याख्यात्यांनी फळ्यावर वर जाणारा नारळ काढावा, त्याच्यावरची बले दाखवावीत, आणि मग कणादांचे उत्तर कोणते व न्यूटनचे कोणते, हे मुलांसमक्ष वेगवेगळे लिहावे. पाऊण तास पुरे. शंका विचारण्यास मुलांना मोकळीक असावी.