झाडावर चढवणारे पुष्कळ, उतरवणारा कोण?

मृग नक्षत्राच्या तोंडावर खानदेशात झाडावर चढायची कामे एकदम निघतात. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायच्या असतात. बांधावरच्या कडुनिंबाची सावली पिकावर येते म्हणून त्याची छाटणी करायची असते. रावेर-यावल पट्ट्यात वादळाने मोडलेली, अर्धवट लोंबकळणारी फांदी रस्त्यावरून काढायची असते. त्याआधी चिंचेचा हंगाम होऊन गेलेला असतो, आणि बकऱ्यांसाठी पाला पाडणारा तर वर्षभर कुठल्या ना कुठल्या झाडावर दिसतोच.

ही कामे करणारा माणूस अडाणी नसतो. शेवगा आणि जांभूळ दगा देतात, चिंच पेलते, वाळलेल्या फांदीवर भार टाकायचा नाही, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही, पण पक्के ठाऊक असते. अनवाणी पाय, कमरेला कोयता, हातात आकडी, एवढ्यावर तो काम काढतो. प्रश्न त्याच्या कसबाचा नाहीच. आग्या मोहोळ उठले, कोयता स्वतःच्याच हाताला लागला, उन्हाने घेरी आली, तर वर अडकलेल्या माणसाला खाली आणायचे कोणी आणि कसे, याचे उत्तर गावात कोणाकडे नसते. मग चार जण खालून ओरडतात, एखादा धाडसी पोरगा वर चढतो, आणि दोघे संकटात सापडतात.

इतर देशांत याचा विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये झाडावर चढणे आणि झाडावरच्या माणसाची सुटका करणे या दोन गोष्टी एकत्रच शिकवतात. एकटा माणूस झाडावर चढतच नाही. खाली किमान एक जण हवा, आणि खालच्यांपैकी एकाला विनाविलंब वर जाऊन सुटका करता आली पाहिजे, त्यासाठी वेगळा दोर आणि पट्टा हजर हवा. शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा. परीक्षेत प्रत्यक्ष झाडावर चढून सोबत्याला सुखरूप खाली उतरवून दाखवावे लागते. आपल्याकडे शिबिराला हजेरी लावली, चहा-नाश्ता झाला की प्रमाणपत्र हातात पडते. फरक इथे आहे.

आपल्या देशातही एक चांगला दाखला आहे. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षाचे मित्र’ ही योजना सुरू केली. सहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण, चढायचे यंत्र आणि वर अपघात विमा. पण ते यंत्र माडाच्या सरळ, बिनफांदीच्या खोडासाठी आहे. आपल्या चिंचेला, निंबाला ते चालणार नाही. फांद्यांच्या झाडाला दोरच हवा. वजन बांधलेली सुतळी भक्कम, जिवंत बेचक्यावरून टाकायची, तिच्यामागून जाड दोर ओढायचा, आणि मांड्यांना व कमरेला बसणाऱ्या पट्ट्याला तो जोडायचा. तोडणी करताना दुसरा आखूड दोरही अडकवायचा, म्हणजे कोयत्याने एक तुटला तरी दुसरा धरतो. नुसता कमरेला दोर बांधला तर पडताना तोच माणसाला आवळतो, हे ध्यानात ठेवावे.

पट्ट्यातही एक धोका आहे. बेशुद्ध माणूस पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिला तर पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. म्हणून ‘तालुक्याहून गाडी येईपर्यंत थांबू’ हे तिथे चालत नाही. सुटका करणारा झाडाखालीच उभा हवा. मात्र फांदी तारेला लागलेली असेल तर महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही झाडाला हात लावू नये, मग वरचा सख्खा भाऊ का असेना. पडलेल्या माणसाला हात-पाय धरून जीपमध्ये टाकण्याची आपली जी रीत आहे, तिने मोडलेला मणका कायमचा जातो. फळी नाहीतर दाराची झडप घ्यावी, मान हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा.

शिकवायला माणसे कुठून आणायची? फार लांब जायला नको. राज्य आपत्ती प्रतिसाद दल २०१६ मध्ये उभे राहिले, तेव्हा त्याची एक कंपनी नागपूरला आणि दुसरी धुळ्यालाच आली. दोराने सुटका करणे हे त्यांचे कामच आहे. जळगाव जिल्ह्यात ममुराबादला आणि पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्यालाही आहे. केंद्राने झाड आणि जागा द्यावी, दलाने दोर शिकवावा, आणि परीक्षा तिसऱ्याने घ्यावी. जो सोबत्याला खाली आणू शकत नाही, त्याला प्रमाणपत्र नाही, एवढे कडक राहिले तरच त्या कागदाला किंमत.

आता पैशाचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. पण ते खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या खातेदार नसलेल्या एका सदस्याला. चिंचेच्या मक्तेदाराने आणलेला गडी बहुधा भूमिहीन असतो. सातबारा मालकाचा, झाड मालकाचे, नफा मक्तेदाराचा, आणि हाड मोडते त्याचे. त्याच्यासाठी सध्या हाताशी आहे ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. नुसता पाय मोडून चार महिने घरी बसला तर मात्र तिच्यातून दमडी मिळत नाही.

ग्रामपंचायत झाडतोडीचा ठेका देते तेव्हा करारात फांद्या कोणी न्यायच्या, लाकूड कोणाचे, हे बारकाईने लिहिलेले असते. त्याच कागदावर ग्रामसेवकाने तीन ओळी वाढवाव्यात: वर चढणाऱ्याला पट्टा व दोर ठेकेदार देईल, खाली सुटका करू शकणारा माणूस असल्याशिवाय काम सुरू होणार नाही, आणि मजुराच्या विम्याचे २० रुपये भरल्याचा पुरावा आधी दाखवावा लागेल. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. मासिक सभेत ठराव घेता येतो.