पोर्टल घेत नाही, म्हणजे कोण घेत नाही?

‘पोर्टल घेत नाही’ हे वाक्य आता शाळा, बँक, तहसील सगळीकडे ऐकू येतं. जणू पोर्टल म्हणजे रुसून बसलेले व्याही! पण पोर्टलला स्वतःचं मत नसतं. कुणीतरी नियम ठरवतो आणि प्रोग्रामर तो ‘असं असेल तर तसं कर’ अशा पद्धतीने लिहितो. संगणकवाले त्याला बिझनेस लॉजिक म्हणतात. आमच्या तळेऱ्याकडे काजू खरेदी करणारा व्यापारीही माणसाला सांगून ठेवतो, अमुक रकमेपर्यंत तू उरक, पुढचं मला विचार. हाच नियम कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की मोठं बिल आपोआप साहेबांच्या मंजुरीसाठी थांबतं. यात वाईट काही नाही. ओळखीपाळखीवर फाईल सरकणं बंद होत असेल, तर ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांचा फायदाच आहे.

अडचण आहे ती नियम लिहिताना कोण नजरेसमोर होतं, याची. आपल्या राज्यात शाळेतली शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यता ऑनलाइन होते आणि तिला आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या जोडली गेली. नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळलं तर मूल वैध. आता उर्दू शाळेचा पट घ्या. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच नाव मराठीत, इंग्रजीत उतरताना दर वेळी वेगळं होतं. कुठे मोहम्मद, कुठे मुहम्मद, कुठे नुसतं ‘मोहं.’ घरी खतीजा, दाखल्यावर खदीजा. शिपाईसुद्धा सांगेल, पोर एकच आहे. प्रोग्रामला मात्र ती दोन दिसतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 झाली की तीन. राज्याचे निकष बदलत राहतात, पण असा उंबरठा असतोच. समजा, वर्गात 61 मुलं बसली आहेत आणि एका खतीजाचं स्पेलिंग जुळलं नाही. एका अक्षरापायी एक पद जाऊ शकतं.

ऑस्ट्रेलियात 2016 पासून ‘रोबोडेट’ने सरकारी मदत घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत समान वाटलं. वर्षातले काहीच महिने कमावणाऱ्यांच्या नावावर नसलेलं देणं निघालं. पुढे 2023 मध्ये रॉयल कमिशनने या योजनेचे वाभाडे काढले. भागाकार बरोबर होता, लावला चुकीच्या ठिकाणी.

माझं म्हणणं एवढंच, की न जुळलेली नोंद ‘अवैध’मध्ये न टाकता ‘तपासणी बाकी’मध्ये जावी आणि तोवर मूल पटावर मोजलं जावं. केंद्रप्रमुखांनी वर्गात येऊन मूल पाहिलं की त्यांच्या मंजुरीने नोंद सुटावी. कंपनीत बिल अडलं तर कुणाच्या टेबलावर अडलं ते स्क्रीनवर दिसतं. शाळेलाही तेवढं दिसू द्या.

तोपर्यंत पालकांनी पहिलीच्या प्रवेशाआधीच जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. दुरुस्ती मे महिन्यात उरकली तर जूनमध्ये मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागणार नाहीत.