मुदत मान्य, पण ती कागदापासून मोजा

कामावरून काढलेल्या कामगाराची तक्रार मुदतबाह्य ठरली की एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "तीन महिने तो काय झोपला होता का?" मालकांचे सल्लागार हे बोलतात, काही वकील बोलतात आणि चांगली शिकलेली माणसे त्यावर मान डोलावतात. मला हे वाक्य साफ नामंजूर आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यानुसार सूडबुद्धीने, धडधडीत खोटे कारण देऊन किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरते. तिच्याविरुद्ध कामगार न्यायालयात ९० दिवसांत तक्रार करावी लागते. कामगारांच्या भाषेत 'यूएलपी टाकायची'. दुसरा रस्ता केंद्रीय कायद्याचा. तो समेट अधिकाऱ्याकडून जातो. २०१० च्या दुरुस्तीने तिथे तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आता वाद उद्भवल्यावर दोन वर्षे उलटली की समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. यातला एक रस्ता धरला की त्याच प्रश्नापुरता दुसरा बंद, असे १९७१ च्या कायद्याचे कलम ५९ सांगते.

आता चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या गेटवर काय घडते ते पाहा. सकाळच्या पाळीला आलेल्या माणसाचे कार्ड मशीन घेत नाही. सिक्युरिटीवाला म्हणतो, "तुझं नाव यादीत नाही, साहेबांशी बोल." साहेब म्हणतात, "वरून आलंय. काम कमी आहे, आठ दिवसांनी फोन करतो." हातात कागद काहीच नाही. आठाचे पंधरा होतात, पंधराचा महिना होतो. एखाद्याला कोऱ्या कागदावर सही करायला सांगतात आणि पुढे तोच कागद राजीनामा म्हणून कोर्टात येतो. काही जणांना पीएफच्या पासबुकात नोकरी सोडल्याची तारीख दिसते, तेव्हा कळते की आपण केव्हाच 'सोडून गेलो' होतो. या माणसाचे ९० दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? कंपनीचा वकील कार्ड बंद झाल्याच्या दिवसापासून मोजतो. माणूस झोपलेला नव्हता, फोनची वाट पाहत होता.

जो थोडा हुशार असतो तो कामगार आयुक्तालयात अर्ज देतो. तिथे तारखा पडतात, कंपनीचा माणूस एकदा येतो, दोनदा येत नाही. या तारखांनी यूएलपीचे ९० दिवस थांबत नाहीत, हे त्याला कोणीही सांगत नाही. सरकारी दारात वेळेवर गेलेला माणूसही अशा रीतीने मुदतीच्या बाहेर पडतो. कंत्राटी कामगाराचे तर आणखी कठीण. कंपनीने 'हा आमचा माणूसच नाही' असे म्हटले की आधी नाते सिद्ध करून या, असे २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. तोवर ९० दिवस केव्हाच सरलेले असतात.

यावर उत्तर येते की विलंबमाफीची तरतूद आहे. आहे, योग्य आणि पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय उशिराची तक्रार घेऊ शकते. पण मग पहिली लढाई उशिरावरच होते. माफी मिळाली तर कंपनी औद्योगिक न्यायालयात जाते, तिथून उच्च न्यायालयात. माणसाला का काढले, हा मूळ प्रश्न तोपर्यंत कोणी वाचलेलाही नसतो. पगार बंद झालेल्या घराला हे झेपत नाही.

दुसरे उत्तर जुनेच, की कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. गुन्ह्याच्या बाबतीत ते ठीक. पण दाद कुठे मागायची हे नागरिकाला सांगणे हे निर्णय देणाऱ्याचेच काम आहे, हे आपल्या संसदेने २००५ मध्येच मान्य केले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(८) नुसार अर्ज फेटाळताना कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे अर्जदाराला कळवावेच लागते. एका माहितीच्या कागदासाठी एवढी काळजी आणि माणसाच्या भाकरीसाठी काहीच नाही?

कामगार चळवळीतल्या काही मित्रांचे म्हणणे असते की मुदतच नको. त्यांच्याशीही मी सहमत नाही. उशिराचा सर्वाधिक फटका कामगारालाच बसतो. सलग सेवेचा हक्क सांगायचा तर आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. तो देण्याची जबाबदारी कामगाराची आहे आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. हजेरीपट कंपनीकडे. तो मागवता येतो, कंपनीने दडवला तर तिच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो, पण सहा वर्षांनी मस्टर 'सापडत नाही' आणि साक्षीदार गाव सोडून गेलेले असतात. म्हणून मुदत हवी.

टांगत्या तलवारीची तक्रार करणाऱ्या मालकांना तर १९९९ चा निकालच पुरेसा आहे. केवळ उशीर झाला म्हणून दाद नाकारू नये, उशिराच्या काळाचा मागील पगार कापता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. मालकाचे नुकसान टाळण्याचा मार्ग होताच.

मग हवे काय? काढल्याचा आदेश लेखी हवा. त्यात कारण हवे. त्याखाली दोन ओळी हव्यात : दाद कोणत्या कार्यालयात किंवा न्यायालयात मागायची आणि किती दिवसांत. असा कागद कामगाराच्या हाती पडेपर्यंत मुदत सुरूच होऊ नये. यात अघटित काही नाही. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्यात शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाला फक्त ३० दिवस मिळतात, पण ते आदेश मिळाल्यापासून मोजतात. नव्या संहितेतही समेट फसल्यावर न्यायाधिकरणाकडे जाण्याचे ९० दिवस अहवाल मिळाल्यापासूनच धरले आहेत. शिक्षकाला जे मिळते ते टर्नरला, वेल्डरला, पॅकिंगच्या बाईला का मिळू नये?

छोट्या कारखानदारावर बोजा पडेल, हे म्हणणे मी ऐकूनही घेणार नाही. नव्या संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. जो कारखाना माणूस घेताना एक पान छापतो, तो त्याला काढताना दुसरे पान छापू शकतो.

तोपर्यंत, वाचकहो, तुमच्या घरातल्या कोणाचे कार्ड गेटवर बंद पडले तर 'आठ दिवसांनी फोन' या शब्दावर थांबू नका. त्याच दिवशी कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, 'मी कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही' एवढेच लिहा, पोचपावती जपून ठेवा आणि वकिलाकडे किंवा युनियनकडे पहिल्याच आठवड्यात जा.