बीपी नव्हे, किडनी

आमच्या घराण्यात 'बीपी आनुवंशिक आहे' असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आनुवंशिक आहे ती पॉलिसिस्टिक किडनी. आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला वा मुलीला ती येण्याची शक्यता 50 टक्के. (पत्रिकेत हे कुठल्या घरात दिसतं, देव जाणे!)

ती शोधायला बहुतेकदा पोटाची साधी सोनोग्राफी पुरते. सुई नाही, एक्स-रे नाही. पोटावर थंडगार जेल आणि 'श्वास रोखून धरा'. पाण्याने भरलेल्या गाठीतून ध्वनिलहरी परतत नाहीत, म्हणून ती पडद्यावर काळी गोल दिसते. घरात हा आजार असताना 15 ते 39 वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून अशा तीन गाठी दिसल्या की निदान झालं. मात्र पंचविशीत रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे सुटलो, असं नाही. बारीक गाठी सोनोग्राफीतून निसटतात, त्या एमआरआयमध्ये सापडतात. चाळिशीनंतर दोनपेक्षा कमी गाठी असतील तर मात्र खुशाल निर्धास्त व्हावं.

आमच्याकडे भीती तपासणीची नाहीच, रिपोर्टच्या कागदाची आहे. 'पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू.' मला हे अजिबात पटत नाही. लग्नासाठी गाठी थांबत नाहीत, आणि बीपी वेळेवर कळलं तर तिशीतच आटोक्यात ठेवता येतं. कुणाला जाणूनच घ्यायचं नसेल, तर तो ज्याचा त्याचा हक्क. पण निदान बीपीच्या डॉक्टरांना घरातला आजार सांगा. एरवी ते मूत्रपिंडांकडे कशाला बघतील?