मेंटेनन्स म्हणजे खालचं काम?

कालचा अख्खा शनिवार मी गाडीखाली आडवा होतो. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये असली कामं करायला बंदी, त्यामुळे इथे सॅन होजेतच राहणाऱ्या एका मित्राचा ड्राइव्हवे अडवला.

गाडी म्हणजे १९८७ ची फोक्सवॅगन व्हॅनॅगन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चढावर ॲक्सिलरेटर दिला की मागून 'टक्-टक्' यायचं. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला! तब्बल चार महिने. पण पुढच्या महिन्यात आई-आप्पा साताऱ्याहून येतायत आणि त्यांना याच गाडीतून योसेमिटीला न्यायचं कबूल करून बसलोय. ऐन घाटात गाडी बसली तर? झोपच उडाली.

या गाडीचं इंजिन मागे. गिअरबॉक्सपासून मागच्या दोन्ही चाकांकडे एकेक ॲक्सल जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सीव्ही जॉइंट. म्हणजे एकूण चार. चाक कितीही खालीवर झालं तरी इंजिनाचं फिरणं एकसारखं पोचवायचं, हे त्यांचं काम. आत सहा छर्रे, त्यांचा पिंजरा आणि ग्रीस. वरून रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत. डावीकडचा एक बूट असाच फाटला होता.

गॅरेजवाला म्हणाला, "दोन्ही ॲक्सल नवे टाक, विषय संपव." म्हटलं, आधी उघडून तर बघू.

प्रत्येक जॉइंटला सहा बोल्ट, बारा कोनांच्या खाचेचे. खाचेत मळ असताना जोर लावला की खाच झिजते आणि बोल्ट निघतच नाही. त्यामुळे पहिला तास गेला नुसता मळ उकरण्यात. पुढे रंगाच्या खुणा करून जॉइंट खोलले, सॉल्व्हंटमध्ये धुतले. एका जॉइंटचे छर्रे दुसऱ्यात घालायचे नाहीत. जोडताना बाहेरच्या भागातली रुंद जागा आतल्या भागातल्या अरुंद जागेसमोर यावी लागते, नाहीतर जॉइंट वळतच नाही. (हे मला दुसऱ्या प्रयत्नात कळलं. असो.)

तीन जॉइंट चकचकीत निघाले. त्यांत मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, प्रत्येकी साधारण ९० ग्रॅम, आणि नवे बूट. डावा ॲक्सल उजवीकडे लावला, म्हणजे आता खाचांच्या न झिजलेल्या बाजूवर भार येईल. बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला कसले. चौथ्याच्या खाचेत मात्र नख अडकेल एवढे खड्डे. त्याला ग्रीस काय करणार? तो नवाच घेतला. चार महिन्यांपूर्वी कदाचित एका रबरी बुटात भागलं असतं.

आता मुद्दा. आपल्या धंद्यात मेंटेनन्स प्रोजेक्ट मिळाला की माणूस सुतकात जातो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः मॅनेजरकडे रडून असल्या प्रोजेक्टातून सुटका करून घेतली होती. जुना कोड दिसला की आपणही गॅरेजवाल्यासारखंच बोलतो, "सगळं नव्याने लिहू." कधीकधी ते बरोबरही असतं. माझा चौथा जॉइंट टाकायच्याच लायकीचा होता. पण चारांपैकी कुठला टाकायचा, हे हात काळे केल्याशिवाय कसं कळणार?

माझ्या जागी जी मुलगी आली, तिला आमच्या सिस्टिममध्ये कुठे धूळ शिरलीय ते नेमकं ठाऊक आहे. रात्री तीनला काही पडलं की फोन तिलाच जातो. अप्रेझलमध्ये कौतुक मात्र नवीन फीचर लिहिणाऱ्यांचं, म्हणजे आमचं. तिचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची स्लाइड कोण बनवणार?

आप्पांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. काल फोनवर म्हणाले, "निप्पल कुठाय? ग्रीसगन मार की."

"आप्पा, याला निप्पल नसतं. उघडावंच लागतं."

"मग उघडायचं. त्यात काय एवढं?"

आज सकाळी गाणी बंद ठेवून गाडी चढावर नेऊन आणली. टक्-टक् गेली. आता टीमचे फीडबॅक फॉर्म भरायचेत. तिचा पहिला भरणार आहे, आणि ती जे करते ते त्यात नावानिशी लिहिणार आहे.

तुमच्या टीममध्ये हे काम कोण करतं, माहीत आहे?